दहाव्यापुरत्या आठ नोटा

इथे बहारीनमध्ये सकाळी सलमाबादच्या वर्कशॉपमधून निघालं की अस्करला पोहोचायला अर्धा तास लागतो. गेली सहा वर्षं हा अर्धा तास मी एका बल्गेरियन माणसाच्या शेजारी बसून काढतो. अस्करच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना आहे, आणि तिथल्या काही क्रेनची देखभाल आमच्या कंपनीकडे आहे. तो इलेक्ट्रिकल बघतो, मी मेकॅनिकल. क्रेन चालू राहिल्या की आम्हाला पगार मिळतो आणि बंद पडल्या की शिव्या. पिकअप तोच चालवतो, कारण त्याच्या मते मी फार ब्रेक मारतो. मी करक चहाचे, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहाचे, दोन कागदी कप दोन हातांत धरून बसतो आणि सिग्नल आला की त्याचा त्याला देतो.

एकमेकांना आम्ही सदीक म्हणतो. अरबीत मित्राला तसं म्हणतात. दोघांनाही अरबी धड येत नाही, त्यामुळे हाक कमी-जास्त झाली तरी कोणाला लागत नाही. बोलतो मोडक्या इंग्रजीत. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट आहे, असं मला वाटतं. त्यालाही माझ्याबद्दल तसंच वाटत असणार.

मी एरवी दुसऱ्याच्या देशाच्या भानगडीत पडत नाही. आपल्याच देशाच्या पुरून उरतात. पण गेल्या उन्हाळ्यापासून या गृहस्थाला दुसरा विषयच राहिला नव्हता. त्यांचं चलन लेव. नव्या वर्षापासून लेव बंद होऊन युरो येणार होता आणि युरो वापरणारा त्यांचा देश एकविसावा ठरणार होता. गावाकडची शेजारीण त्याला दुकानातले फोटो पाठवायची. पावाच्या खाली दोन किमती, दह्याच्या खाली दोन किमती. वर लेवमध्ये, खाली युरोमध्ये. सरकारने तशी सक्तीच केली होती, म्हणजे लोकांच्या डोळ्यांना सवय व्हावी. सिग्नलला गाडी थांबली की हा मला दह्याचे फोटो दाखवायचा.

"दर काय?" मी एकदा विचारलं.

"जवळजवळ दोन लेवला एक युरो. कित्येक वर्षं तोच आहे. बांधलेला आहे."

"मग दर तोच, माल तोच, पगार तोच. बदललं काय?"

"सरकारही हेच म्हणतं," तो म्हणाला. "बदललं काही नाही, घाबरू नका. आणि माझी आई म्हणते, काही बदलणार नसेल तर बदलतात कशाला?"

मला म्हातारी तिथेच आवडली. खरं म्हणजे आम्हा परदेशात राबणाऱ्यांना चलनाचं एवढंच कळतं की आज दिनारला किती रुपये मिळतात. बाकी आखाती देशांचं मिळून एकच चलन येणार, हे मी इथे आलो तेव्हापासून ऐकतोय. आमच्या बहारीनी फोरमनला विचारलं की तो "इंशाल्ला" म्हणतो आणि चहा मागवतो.

हळूहळू मला त्याच्या घराची सगळी हकिगत कळली. त्याचे वडील ट्रॅक्टरच्या कारखान्यात होते. कम्युनिस्टांच्या काळात त्यांनी मोटारीसाठी नंबर लावला होता आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं बँकेत पैसे साठवले होते. मी म्हटलं, आमच्याकडे स्कूटरला असाच नंबर लावायचे, मुलगा झाल्यावर लावला तर त्याच्या लग्नात मिळायची. हे ऐकून तो इतका खूश झाला की जणू माझ्या गावात त्याची सोयरीकच निघाली. त्याच्या वडिलांचा नंबर लागायच्या आत राज्यच गेलं. आणि पुढे एका हिवाळ्यात बँका बसल्या, भाव सकाळ-संध्याकाळ चढायला लागले, आणि मोटारीच्या पैशात मोटारीचं एक चाक येईना. वडील त्यानंतर फार जगले नाहीत. आईने मात्र त्या दिवसापासून बँकेचा उंबरा ओलांडला नाही. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो. या बाईने ताकाचं दुकानच सोडलं होतं.

"तिचे पैसे घरातच आहेत," तो म्हणाला. "कुठे ते मला माहीत नाही. पेन्शनमधून थोडे थोडे बाजूला काढलेत. स्वतःच्या मरणासाठी."

मी त्याच्याकडे बघितलं.

"आमच्याकडे म्हाताऱ्या बायका ठेवतात," तो म्हणाला. "कपडे, पेटी, जेवण. मुलावर भार नको."

आमच्याकडेही ठेवतात, असं मी म्हणू शकलो असतो. चहा प्यालो.

त्याची अडचण साधी होती आणि सुटत नव्हती. आई पंच्याऐंशीच्या घरात. गॅस चालू ठेवून अंगणात जायची, शेजारणीला मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. विसरायला लागली होती. पैसे कुठे ठेवलेत हे तिच्या डोक्यातून पुसलं गेलं, तर ती जाईल तेव्हा ते कोणाला सापडणार? आणि तिच्या मनासारखं होणार कसं? बँकांत आणि पोस्टात पैसे सहा महिने फुकट बदलून मिळणार होते, राजधानीतल्या मोठ्या बँकेत तर कायमचेच. घाई नोटांची नव्हती, म्हातारीच्या आठवणीची होती. म्हणून तो दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी फोनवर तिला समजवायचा, आणि शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी सकाळी गाडीत मला त्याचा अहवाल मिळायचा.

"ती म्हणते, मी लहान होते तेव्हा नोटा बदलल्या, लग्न झालं त्या वर्षी बदलल्या, आणि म्हातारी झाले तेव्हा तीन शून्यं कापली. दर वेळी हेच सांगितलं, की घाबरू नका."

"खोटं बोलतेय का ती?"

"नाही ना! तेच तर," तो म्हणाला आणि विनाकारण हॉर्न वाजवला.

नोव्हेंबरात एका रविवारी तो बोललाच नाही. मआमीर मागे पडलं, कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या, तरी अहवाल नाही. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, परवा फोनवर माझा आवाज चढला. आईला म्हणालो, पैसे कुठे आहेत ते आत्ताच्या आत्ता सांग. ती म्हणाली, तुला कसली घाई झालीय? माझ्या मरणाची वाट बघतोयस का? आणि फोन ठेवला.

सहा फूट उंच, बोटांवर करंटचे जुने डाग असलेला हा माणूस डोळे पुसत होता. एका हाताने स्टिअरिंग धरून. मला रडणाऱ्या पुरुषांचा राग येतो, कारण मग आपल्याला काहीतरी बोलावं लागतं. मी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि त्याला माझ्या आईचं सांगितलं. तोवर हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही पुरतं नाही.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या अलीकडे. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई अंडी आणि शेण्या विकायची. मी बहारीनला आल्यावर दर महिन्याला पैसे पाठवायला लागलो, ते ती घराला लावायची, देवाला लावायची, भावकीच्या लग्नांना लावायची. पण अंडी आणि शेण्या विकायचं तिने सोडलं नाही. ते पैसे वेगळे. ते एका बोचक्यात जायचे आणि बोचकं लोखंडी पेटीत. त्यात एक नवं लुगडं होतं, काशीहून कोणीतरी आणलेला गंगेच्या पाण्याचा सीलबंद गडू होता, आणि पाचशेच्या आठ नोटा. सुट्टीला गेलो की दुसऱ्या दिवशी ती मला पेटीपाशी न्यायची.

"ह्ये बग, हितं ठेवलंय. दहाव्यापुरतं हाय. लेकाच्या पैशानं जायाचं न्हाय मला, लेकाच्या पैशानं जगलीया तेवढं बास. आन् माजं येक काम हाय बग, त्या येळी..."

तिथे मी पेटीचं झाकण लावायचो. "आये, शुभ बोल की जरा. आत्ता तर आलोय मी."

शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या घरात नाऱ्या म्हणजे माझी आई होती. मी दर वर्षी जाऊन तिला गप्प करायचो आणि मला वाटायचं, आपण प्रेमळ मुलगा आहोत.

मग आपल्याकडे पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दिवाळी होऊन आठवडाच उलटला होता. शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला.

"बाबा, माज्या बोचक्यातल्या नोटा बदलाय लागतील म्हंत्यात."

"आये, सकाळ सकाळ काय मरणाचं काढलंस?"

"अरं मरणाचं न्हाय, नोटांचं बोलतीया."

"सुट्टीला आलो की बघतो. आत्ता त्याचं काय अडलंय?"

"बरं," ती म्हणाली.

मला मुदत माहीत नव्हती असं नाही. इथे लेबर कॅम्पपासून ऑफिसपर्यंत दुसरं काही कोणी बोलतच नव्हतं. पण ते बोचकं म्हटलं की माझे कान आपोआप बंद व्हायचे. गावातल्या बायका तालुक्याच्या बँकेपुढे रांगा लावत होत्या, कोणीही तिच्या नोटा घेऊन गेलं असतं. तिनेच दिल्या नाहीत. मरणाचे पैसे परक्याच्या हातात द्यायचे नाहीत, लेकाने बदलायचे, असं तिचं होतं. आणि स्वतः जायला गुडघे नव्हते. मी मे महिन्यात गेलो तेव्हा मुदत कधीच संपली होती. त्या वर्षी तिने मला पेटीपाशी नेलं नाही. मला बरं वाटलं, की चला, सुटली एकदाची या नादातून.

दोन वर्षांनी ती गेली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो, तोवर माणसं माझ्यासाठी थांबून होती. मी पाकीट काढलं तसा चुलत्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "ठेव ते. तिच्या पैशानं करायचं म्हणाली हुती." पेटी उघडली, बोचकं सोडलं. लुगडं होतं, गडू होता, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत आठ नोटा. जुन्या. चुलत्यांनी एक हातात घेतली, उलटून बघितली आणि परत पिशवीत ठेवली. सगळं माझ्या दिनारांच्या पैशाने झालं. दहाव्याला कावळाही लगेच शिवला, आणि भावकी म्हणाली, समाधानानं गेली म्हातारी. मला त्या कावळ्याचा अजून राग आहे.

एवढं सांगून मी थांबलो. कावळ्याचं बल्गेरियनला मला समजावून सांगावं लागलं, त्यात थोडा वेळ गेला. मग त्याने विचारलं, "मग मी काय करू?"

सल्ला द्यायला मी कोण? पण मी चिडलेलो होतो, त्याच्यावर नव्हे, आणि चिडलेला माणूस सल्ला बरा देतो. मी म्हणालो, "सदीक, पैसे विचारूच नकोस. पैशाचं नावसुद्धा काढू नकोस. डिसेंबरात जाशील तेव्हा तिच्यासमोर बस आणि विचार, आई, तू गेल्यावर सगळं कसं करू? तुला काय हवंय ते सांग. आणि ती बोलायला लागली की मध्ये बोलू नकोस. शुभ बोल म्हणू नकोस."

"हे आईला विचारायचं?" तो म्हणाला. "मुलाने?"

"जमत नसेल तर माझ्यासारखं कर."

हे मी जरा लागेल असंच बोललो. त्याने गाडी सुरू केली.

डिसेंबरच्या मध्यावर तो रजेवर गेला आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परत आला. तेवढे दिवस मी एका पठाण ड्रायव्हरबरोबर गेलो. तो माझा चहाही स्वतःच प्यायचा. परत आल्याच्या पहिल्या सकाळी बल्गेरियनने वर्कशॉपच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत दम धरला आणि मग बोलायला लागला. इतकं सलग इंग्रजी मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

नाताळ झाल्यावर एका दुपारी त्याने विचारलं होतं. आई अक्रोड सोलत होती. ती थांबली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि त्याला वाटलं, आता वाडगा डोक्यात बसणार. तर ती म्हणाली, "एकदाचं विचारलंस." आणि पुढे दोन तास बोलत होती. निळा ड्रेस, काळा नाही. बूट जुनेच, कारण नवे चावतात. बँडबाजा नको. जेवायला बीन्सचं सूप, आणि त्यांच्याकडे मयताला वाटतात ते उकडलेले गहू, पण साखर बेताची. नणंदेच्या शेजारी पुरायचं नाही, जन्मभर शेजार झाला तेवढा पुरे. तो सगळं कागदावर लिहून घेत होता. आणि बुटांचं सांगता सांगता ती उठली, पलंगाखालून बुटांचं खोकं काढलं आणि डाव्या बुटात हात घालून नोटांची गुंडाळी त्याच्यापुढे ठेवली.

"विसरली नव्हती?"

"एक अक्षर विसरली नव्हती. शेजारणीचं नाव विसरते, हे नाही."

नवं वर्ष लागल्यावर दोघं मिळून पोस्टात गेले. हा म्हणाला, तू बस, मी रांगेत उभा राहतो. तर नाही. ती स्वतः काठी टेकत उभी राहिली. खिडकीतल्या मुलीला तिने विचारलं, हे आता शेवटचं का? मुलगी म्हणाली, हो आजी. ती म्हणाली, मागच्या वेळच्या मुलीनेही हेच सांगितलं होतं. युरोच्या नोटा हातात आल्यावर तिने त्या एकेक करून उजेडाकडे धरल्या. म्हणाली, या नोटांवर माणूस कुठे आहे? नुसत्या खिडक्या आणि पूल. हे बघून मी कोणावर विश्वास ठेवू?

मी हसलो. तोही हसला. त्याने नोटांची गुंडाळी परत त्याच डाव्या बुटात ठेवली होती. बँकेत खातं काढू या का, हे विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती.

मआमीरच्या सिग्नलला गाडी थांबली. मी त्याचा कप पुढे केला, पण त्याने आधी खिशात हात घातला आणि एक नाणं माझ्या गुडघ्यावर ठेवलं. दोन रंगांच्या धातूचं, एका दाढीवाल्या साधूचं चित्र असलेलं. एक लेव.

"आईने तुझ्यासाठी पाठवलंय."

"चालतं अजून?"

"महिनाअखेरपर्यंत. मग खलास." मग तो म्हणाला, "मी तिला तुझ्या आईचं सांगितलं. ती म्हणाली, हे त्या आठ नोटांबरोबर ठेवायला सांग. त्याही बंद, हेही बंद. आम्हा दोघींचं एकमेकींत चालेल."

त्या आठ नोटा माझ्याकडे आहेत हे मी त्याला सांगितलं नव्हतं. पासपोर्टच्या कव्हरात आहेत, इथे बहारीनमध्ये. म्हातारीने ते गृहीतच धरलं होतं.

मी त्याचा कप त्याच्या हातात दिला आणि नाणं मुठीत घेतलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. दोन्ही हात अडकलेले होते, लपवणार तरी कसं.

"आणि तिने एक विचारलंय," तो म्हणाला. "तुझ्या आईला काय हवं होतं?"

"म्हणजे?"

"ती म्हणाली, नोटांचं कळलं. पण त्या बाईला हवं काय होतं, ते तू सांगितलंच नाहीस. कपडे, जेवण, कोण यावं, कोण येऊ नये. ते विचारून मला कळव, म्हणाली."

सिग्नल सुटला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, तरी तो माझ्याकडे बघत थांबला होता. मी म्हणालो, लुगडं होतं, नवं. गंगेचं पाणी होतं. तो म्हणाला, ते वस्तूंचं झालं, पुढे? मी म्हणालो, पुढे ती दर वर्षी म्हणायची, माजं येक काम हाय बग, त्या येळी.

"काय काम?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "तिथे मी पेटीचं झाकण लावायचो."